बत्तीस पावलं

लंडन पाहिलं का, असं परत आल्यापासून मला सगळे विचारतात. नाही पाहिलं. राजवाडा नाही पाहिला, नदीकाठचं ते मोठं चाक नाही पाहिलं, घड्याळ पाहिलं ते फक्त विमानतळावरचं. अडुसष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढून मी विलायतेला गेले ती एका मार्चवरून भांडायला. तेव्हा ज्यांना राजवाड्याचं वर्णन हवं असेल त्यांनी इथेच थांबावं.

मार्च म्हणजे बँडवर वाजतो तो. आमचं घर वाजवणाऱ्यांचं आहे, चार पिढ्या क्लॅरिनेट. वरातीत सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि पंगतीत सगळ्यांच्या शेवटी, तेही मांडवाबाहेर, जेवायला बसायचं, हा आमचा मान. जात वेगळी सांगत नाही. ज्यांना कळायची त्यांना एवढ्यावरून कळली. माझे पणजोबा भिकाजी आमच्या छोट्या संस्थानच्या बँडमध्ये पहिलं क्लॅरिनेट वाजवायचे. त्या बँडचे मास्तर होते इटलीचे, मोरेत्ती नावाचे. त्या काळी इंग्रजी पलटणींना बँडमास्तर आपल्यातला चालत नसे, इटलीचा नाहीतर जर्मनीचा लागे. अशाच एका पलटणीने मोरेत्तींना नेपल्सजवळच्या गावातून उचललं आणि हिंदुस्थानात आणलं. पलटण परत गेली, मास्तर राहिले, आमच्या महाराजांनी त्यांना ठेवून घेतलं. गावाने त्यांचे मोरे मास्तर केले. दहाएक वर्षांनी ते इंग्लंडला समुद्रकाठच्या एका गावी गेले आणि तिथला बँड चालवता चालवता तिथेच वारले.

दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी त्यांनी एक मार्च बांधला होता. मिरवणूक मोठ्या देवळासमोरून जायची आणि देवळासमोर आमच्या लोकांनी फुंकायचं नाही असा हुकूम होता. आमच्या तोंडची हवा देवाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. देवळाची भिंत सुरू झाली की वाद्यं खाली, माना खाली, आणि भिंत संपेपर्यंत मोजून बत्तीस पावलं मुकाट चालायचं. ती शांतता मास्तरांनी मार्चच्या मधोमध बसवली होती. पण घरी दार लावून माझे वडील ती बत्तीस पावलंही वाजवून दाखवायचे. सुरावट पणजोबांची, मास्तरांनी ती ऐकून मार्चमध्ये घातली होती, असं ते सांगत. “हे घरात,” ते म्हणायचे, “रस्त्यावर क्लॅरिनेट खाली.”

माझी भाची अमृता इंग्लंडात बेसिंगस्टोक नावाच्या गावी आयटीत आहे. तिने गेल्या वर्षी मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. समुद्रकाठच्या त्या गावाचा बँड अजून आहे आणि मोरे मास्तरांचा मार्च अजून वाजवतो. पहिल्या चार सुरांत मी ओळखला आणि ऊर भरून आला. मग ती शांतता आली. बँड थांबला आणि समोर बसलेली माणसं हसत हसत जमिनीवर पाय आपटायला लागली. एक हात नाकाशी नेऊन सोंड करून. मार्चचं नावच त्यांनी ‘एलिफंट मार्च’ ठेवलं होतं. राजाचा हत्ती रस्त्यात बसला म्हणून बँडला थांबावं लागलं, अशी त्यांची गोष्ट. आमच्या तोंडावर ठेवलेला हात त्यांना सोंड वाटला.

मी दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या ऑफिसात होते.

बेसिंगस्टोक

अमृताच्या घरात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्याशेजारी वायफायचा डबा, दोन्ही सारख्याच भक्तीने पुसलेले. घर एवढं शांत की कुकरची शिट्टी झाली तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिने पिठलं केलं होतं. पीठ तिथल्या दुकानातलं, गुळगुळीत, पण मिरचीने लाज राखली.

“आत्या, तू तिथे जाऊन एक्झॅक्टली काय करणार आहेस?” ती म्हणाली.

“सांगणार आहे त्यांना.”

“आणि त्यांनी ऐकलं नाही तर? इथे कोणी नाही म्हणत नाही, ‘लव्हली’ म्हणतात आणि काहीच करत नाहीत. मी आठ वर्षं मीटिंग्जमध्ये हेच बघतेय.”

“मग मी पण लव्हली म्हणेन आणि माझं तेच करेन.”

ती हसली, पण काळजीत होती. दुकानात, स्टेशनवर, बसपाशी ती मला एकच धडा देत होती. “आत्या, इथे लाइन तोडायची नाही. बाकी काहीही तोड.” मी काय लाइन तोडणार! मला रांगेच्या शेवटी उभं राहायची जन्माची सवय. बेकरीत तर एका बाईने मला दोनदा पुढे जायला सांगितलं आणि मी दोनदा मागेच सरकले. अमृताला त्याचा राग आला, तो माझ्या तेव्हा लक्षात आला नाही.

समुद्रकाठ, शुक्रवार

गावाचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत आणि उद्या कोणी त्यांना फोन करून शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा नाही. दक्षिण किनाऱ्यावरचं लहानसं गाव, वाळूऐवजी गोटे, रंगीत लाकडी खोपट्यांची ओळ आणि जूनमध्ये असा वारा की माझा पदर आधी पोचे आणि मी मागून. आमच्याकडे समुद्रावर लोक भेळ खातात. इथे मासा आणि बटाटा तळून त्यावर शिरका ओततात. मी पहिला बटाटा तोंडाशी नेला तोच एका पांढऱ्या पक्ष्याने बोटातून उचलून नेला. अमृता म्हणाली, वेलकम. त्या पक्ष्याला मी मराठीत काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी बँडची तालीम होती, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. बँडचा मास्तर ग्रॅहम सत्तरीचा, आयुष्यभर गावात टपाल वाटलेला. गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. थर्ड कॉर्नेट, म्हणजे तिसरी छोटी तुतारी, अर्धा सूर खाली आहे हे त्याला मी दारात पाय ठेवायच्या आत कळलं होतं. अशा माणसाचा मला राग धरता येत नाही. मी शाळेत मुलींचा बँड तीस वर्षं बसवला, मला ठाऊक आहे ते काय असतं.

अमृताने माझी ओळख करून दिली. मोरेत्तींच्या वादकाची पणती आली म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले, चहा आला, बिस्किटं आली. मग मी देवळाची गोष्ट सांगितली. माझं इंग्रजी शाळेतल्या सूचनांपुरतं, तरी हे मी स्वतः सांगितलं. हत्ती नव्हता. आमच्या संस्थानाकडे दोन म्हातारे घोडे होते. ती शांतता आमची तोंडं बंद करण्याची आहे.

एका बाईने डोळे पुसले.

“हे फार वाईट झालं,” ग्रॅहम म्हणाला. “खरंच. पण मॅडम, लोक हत्तीसाठी येतात. माझे आजोबा मोरेत्तींच्या बँडमध्ये ट्रायंगल वाजवायचे. हत्तीची गोष्ट खुद्द मोरेत्तींनीच सांगितली होती, असं ते म्हणायचे.”

हे मला नवीन होतं. पण मी बसून राहिले. “रविवारी तुमचा कार्यक्रम आहे, त्यात ती बत्तीस पावलं मला वाजवू द्या,” मी म्हणाले. “सुरावट माझ्याकडे आहे.”

“लव्हली,” ग्रॅहम म्हणाला आणि अमृताने माझ्याकडे पाहिलं.

शनिवार

सकाळी ग्रॅहमने बँडचं कपाट उघडून दिलं. त्याला नाही म्हणायचं होतं, पण ते म्हणायच्या आधी काहीतरी चांगलं करावं असं त्याला वाटत असावं. जुने कागद ब्राउन पेपरात बांधलेले होते. मोरे मास्तरांच्या हातचे, प्रत्येक वाद्याचा वेगळा.

“थांबा,” मी म्हणाले. “उघडू नका. आधी ऐका.”

मी ती सुरावट गुणगुणले. आवाज माझा फाटका, पण सूर सरळ. खालून वर चढणारी साधी ओळ आहे, दोनदा येते, तिसऱ्यांदा वर जाऊन थांबत नाही, आणखी वर जाते. मग ग्रॅहमने पहिल्या क्लॅरिनेटचा कागद काढला. मार्चच्या मधोमध सोळा बार, एका बारला दोन पावलं, काळ्या शाईत लिहिलेले होते आणि त्यावर निळ्या पेन्सिलीने या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली. वर ‘गप्प राहा’ या अर्थाचा बँडवाल्यांचा शब्द. ग्रॅहम हॉलमधल्या पियानोशी गेला आणि फुलीखालचे सूर एका बोटाने वाजवले. मी गुणगुणले होते तेच.

त्याने पियानोचं झाकण लावलं. मी कागदाच्या कोपऱ्यात पणजोबांचं नाव शोधत होते. नव्हतं. ‘फर्स्ट क्लॅरिनेट’, एवढंच.

“कमिटीपुढे ठेवतो,” ग्रॅहम शेवटी म्हणाला. “पुढच्या उन्हाळ्यात नक्की.”

“पुढच्या उन्हाळ्यात मी एकोणसत्तर असेन आणि मिरजेच्या पलीकडे असेन. उद्या का नाही?”

“कार्यक्रमपत्रिका छापून झाली. आणि तुम्ही मेंबर नाही. मेंबर नसलेल्या माणसाने स्टेजवर वाजवलं तर आमचा इन्शुरन्स चालत नाही.”

देवाच्या नावाने आम्हाला गप्प केलेलं मी ऐकलं होतं, इन्शुरन्सच्या नावाने पहिल्यांदाच. मी हसले. ग्रॅहमही बिचारा हसला, त्याला वाटलं मी मान्य केलं.

दुपारी मोरे मास्तरांच्या थडग्यावर गेलो. चर्चच्या मागे उतारावर, भिंतीला लागून, इतरांपासून जरा बाजूला. दगडावर नाव आणि ‘बँडमास्टर’. ग्रॅहमने सांगितलं होतं की पलटणीत असताना ते परेडला सगळ्यांच्या पुढे चालायचे, पण जेवायला ना अधिकाऱ्यांच्या मेजावर त्यांना जागा, ना शिपायांच्या. परदेशी आणि पगारी, धड कुठलेच नाहीत. आपल्या खोलीत एकटे जेवायचे. ते ऐकून मला मास्तरांबद्दल माया वाटली होती, पण दगडासमोर उभं राहिल्यावर ती टिकली नाही.

“मास्तर,” मी मराठीत म्हणाले, “तुम्हाला सगळं कळत होतं. तुम्ही लिहिलंत आणि तुम्हीच खोडलंत. ते एक वेळ समजतं, महाराजांचा हुकूम होता. पण इथे कोणाचा हुकूम होता? इथे हत्ती कुठून आणलात?”

अमृता म्हणाली, “आत्या, त्यांना लाज वाटली असेल गं.”

“लाज वाटली म्हणून लोकांना हसवायचं?”

आणि हे म्हणताना माझीच जीभ अडखळली. आता जे लिहिते ते मी अमृतालाही त्याआधी सांगितलं नव्हतं. शाळेच्या मुलींचा बँड घेऊन मी एकदा देवळासमोरच्या त्याच रस्त्याने गेले होते. संस्थान जाऊन जमाना झाला होता, हुकूम कोणाच्या लक्षातही नव्हता, देवळाचे पुजारी स्वतः दारात उभे राहून कौतुकाने बघत होते. मुली मोरे मास्तरांचाच मार्च वाजवत होत्या. भिंत सुरू झाली आणि मी हात खाली केला. चाळीस मुलींनी वाद्यं खाली घेतली. बत्तीस पावलांनंतर मी हात वर केला. क्लॅरिनेटवरच्या एका मुलीने नंतर विचारलं, “बाई, मध्येच का थांबलो?” मी म्हणाले, “मार्चमध्ये तसंच आहे.”

कोणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं. मास्तरांनी इंग्रजांना हत्ती सांगितला आणि मी माझ्या मुलींना तेवढंही सांगितलं नाही.

हे मी थडग्यापाशी बोलून टाकलं. अमृताने माझा हात धरला. परतताना बराच वेळ आम्ही गोट्यांवरून चालत होतो आणि मला त्या इन्शुरन्सचा विचार सुटत नव्हता.

“अमू,” मी विचारलं, “इन्शुरन्स स्टेजवरच्या माणसांचा असतो ना? समोर बसून पाय आपटणाऱ्यांचा नसतो?”

“नसतो. ऑडियन्स आहे ती, त्यांचा काय इन्शुरन्स?” ती म्हणाली आणि थांबली. “आत्या. नो.”

“लव्हली,” मी म्हणाले.

रविवार

कार्यक्रम समुद्रासमोरच्या गोल चौथऱ्यावर होता. समोर हिरवळीवर कापडी आरामखुर्च्या मांडलेल्या. त्या खुर्च्यांत बसणं सोपं असतं आणि उठणं फार अवघड, म्हणून मी तिसऱ्या ओळीच्या कडेला, लोखंडी बाकावर बसले. नऊवारी मी मुद्दाम नेली होती. मांडीवर शालीखाली क्लॅरिनेट, जोडून तयार. सकाळी खोलीत जोडताना वाऱ्याने की घाईने कोण जाणे, रीड, म्हणजे तोंडाशी लावायची बोरूची पातळ पट्टी, चिरली. दुसरी काढली. ती नवी, कडक, मला नको असलेली. म्हणून भिजून नरम व्हायला तासभर तोंडात धरून बसले होते आणि न्याहारीला, आम्ही उतरलो होतो तिथल्या घरमालकीणबाईंशी एक शब्द बोलू शकले नव्हते.

ग्रॅहमने मला पाहिलं, मान लववली. शालीकडे पाहिलं की नाही सांगता येत नाही.

आधी इतर सुरावटी झाल्या. मग त्याने घोषणा केली, आणि लोकांनी टाळ्या वाजवून खुर्च्यांत सरसावून बसायला सुरुवात केली. मार्च सुरू झाला. माझे पाय आपोआप ठेका धरायला लागले. बँड बरा होता, कॉर्नेटही आज वर आली होती. ती ओळ जवळ आली, जिच्यानंतर वडील नेहमी माझ्याकडे बघायचे. बँड थांबला. लोकांनी नाकाशी हात नेले आणि पाय आपटायला सुरुवात केली, एक, दोन.

मी उभी राहिले आणि फुंकलं.

पहिला सूर घसरला, ते कबूल करते. नवी रीड. दुसरा बसला. तिसऱ्या पावलाला समोरच्या ओळीतल्या माणसांनी वळून पाहिलं. पाचव्याला काहींचे हात नाकाशी तसेच राहिले, पाय थांबले. सगळ्यांचे नाही. मागे कोणीतरी मोठ्याने आपटतच होतं, त्याच्या आपटण्यावर मी ठेका धरला. आपट, म्हटलं, तुझ्या पायावर माझ्या पणजोबांचा सूर चालेल. ओळ एकदा आली, दुसऱ्यांदा आली. मला देवळाची भिंत दिसत होती, चुन्याची, खाली शेंदराचे डाग असलेली. त्या भिंतीच्या बाजूने मी मान वर करून चालले होते आणि माझ्यामागे माझ्या चाळीस मुली होत्या. तिसऱ्यांदा ओळ वर चढली तेव्हा मोठ्या ड्रमवरच्या माणसाने, ग्रॅहमकडे न बघता, हलकेच पावलांचा ठोका द्यायला सुरुवात केली. ग्रॅहमने त्याला थांबवलं नाही. त्याची काठी हवेत होती आणि तो मोजत होता.

बत्तीस. काठी खाली आली आणि सगळा बँड माझ्यावर येऊन मिळाला. उरलेला मार्चही मी वाजवला, उभ्याने. कोणी मला बस म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बसणार नव्हते.

टाळ्या पडल्या, पण नेहमीसारख्या नाहीत असं अमृता म्हणाली. काही जण नाराज झाले. एक गृहस्थ ग्रॅहमशी बोटं नाचवून बोलत होते, त्यांची नातवंडं खास हत्तीसाठी आणली होती म्हणे. एक म्हातारी बाई माझ्यापाशी आली आणि विचारलं, हे कोणाचं? मी नाव सांगितलं, भिकाजी, आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर मार्चच्या नावापुढे पेनने लिहून दिलं. देवनागरीत. म्हटलं, शोधा आता कोणाकडून तरी वाचून घ्यायला.

नंतर सगळे चर्चमागच्या हॉलमध्ये गेले. लांब टेबलावर काकडीचे पातळ सँडविच, केक, मोठ्या किटलीत चहा. आणि टेबलापासून दारापर्यंत रांग. श्रोते, कमिटी, त्यांची कुटुंबं, आणि बँडवाले वाद्यं आवरून आले तेव्हा सगळ्यांच्या शेवटी. जगभर एकच. मी दारात उभी होते, घशाला कोरड पडलेली, ओठ सुजलेला. सवयीने माझे पाय रांगेच्या टोकाकडे वळले. दोन पावलं मी तशी टाकलीसुद्धा.

मग मी वळले. अमृता “आत्या, लाइन...” म्हणाली आणि स्वतःच गप्प झाली. क्लॅरिनेट हातात तसंच उभं धरून मी त्या रांगेच्या बाजूने, दारापासून टेबलापर्यंत, चालत गेले. माणसं बघत होती. एका बाईने घसा खाकरला. “एक्सक्यूज मी,” ती म्हणाली, “रांग तिकडून आहे.”

“आय अॅम बँड,” मी म्हणाले.

मागून ग्रॅहम काहीतरी म्हणत होता, बहुतेक माझ्या बाजूनेच. ते पुरतं ऐकायला मी थांबले नाही. टेबलावरची पहिली प्लेट मी उचलली.